तिसरा फेज

आधी माफी मागते. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. घरी आम्ही पावरी बोलतो, शहाद्याच्या बाजारात अहिराणी ऐकतो, आणि ही मराठी मी शाळेत शिकले. त्यामुळे ती वापरताना अजूनही दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं वाटतं. एखाद्या माणसावर लिहायचं म्हणजे तो आपल्याला कळला पाहिजे, आणि मगन सर मला पूर्ण कळले असं मी म्हणू शकत नाही. खरं तर आमच्या वर्गातल्या भूषणनं लिहायला हवं होतं. तो नकला करत बोलायला लागला की बसस्टँडवरची माणसं गाडी सोडून ऐकत बसतात. पण तो म्हणाला, "मी लिहिलं तर लोक हसतील आणि निघून जातील. तू लिही. तुला हसवता येत नाही, म्हणून लोकांना खरं वाटेल." म्हणून मी लिहिते आहे.

मगन सर कुणालाही "कसे आहात" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "कितला फेज शेतस?" म्हणजे, किती फेज आहेत?

नवीन माणूस गोंधळतो. एकदा बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी नमस्कार केला, तर सरांनी हाच प्रश्न विचारला. परीक्षक छताच्या पंख्याकडे पाहायला लागले. आमच्याकडच्या शेतकऱ्याला मात्र तो लगेच समजतो. विहिरीवरच्या मोटरला तीन फेज लागतात. तिन्ही आले तर मोटर फिरते. एक गेला तर मोटर "हूं हूं" करते, फिरत नाही आणि बघता बघता जळते. सरांच्या मते जगातलं प्रत्येक काम असंच चालतं. कुठलंही काम एकट्यानं होत नाही, आणि दोघांनीही होत नाही. "एकलानं काम नही शे हाई," असं ते दिवसातून किती वेळा म्हणतात, ते मोजायचा भूषणनं एकदा प्रयत्न केला आणि दुसऱ्या तासाला सोडून दिला.

सर प्राणिशास्त्र शिकवतात. गाव ब्राह्मणपुरी, घर गुजरांचं, शेतात केळी आणि कापूस. शर्टाच्या खिशात एक पेन आणि एक टेस्टर. फळ्यावरची आकृती ते टेस्टरनं दाखवतात. पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना वाटतं, आता फळ्यात दिवा लागेल.

आमच्या अभ्यासक्रमात जनुकं कशी चालू-बंद होतात यावर जेमतेम एक पान आहे. सरांनी त्या एका पानात पावसाळा काढला. तेही फक्त फुप्फुसाच्या जनुकांवर. प्राचार्य एकदा दारात येऊन म्हणाले, "मगनभाई, बेडूक कधी घेणार?" सर म्हणाले, "फुप्फुस समजनं की बेडूक आपोआप येस." प्राचार्य आल्या पावली परत गेले.

सर सांगायचे ते मी माझ्या भाषेत लिहिते. चुकलं तर दोष माझा. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच ग्रंथ असतो. डोळ्यात तोच, यकृतात तोच, फुप्फुसातही तोच. मग फुप्फुस फुप्फुस कसं होतं? तर कुठलं पान उघडायचं, हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ती जनुकाशेजारी येऊन बसतात. पण एकटं बसून फार काही होत नाही. दोन-तीन जण शेजारी-शेजारी बसले, एकमेकांना धरून राहिले, तर जनुक जोरात चालू होतं. एकेकट्याच्या कामाची नुसती बेरीज केली तर जेवढं व्हावं, त्याहून कितीतरी जास्त.

सर त्यांना फेज म्हणतात. आणि नुसतं सांगून त्यांचं समाधान होत नाही. त्यांनी केळीचे घड बांधायचा लांब दोर आणला, वर्गात जमिनीवर गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, "हा डीएनए." मग आमची नेमणूक झाली. भूषण झाला एनकेएक्स, म्हणजे फुप्फुसाचा मुख्य माणूस. तो नसेल तर फुप्फुस धड बनतच नाही. हे ऐकून भूषण आठवडाभर वर्गात उशिरा येत राहिला, मुख्य माणूस म्हणून. एक निखिल नावाचा मुलगा गाटा झाला. आणि मला सर आडनावानं हाक मारून म्हणाले, "पावरा, तू फॉक्सए."

मी विचारलं, "सर, मी काय करायचं?"

"जे रोज करतेस तेच. तुझी गाडी पहाटेची. तू सगळ्यांच्या आधी येतेस, शिपायाकडून किल्ली घेतेस आणि बंद खोली उघडतेस. फॉक्सए तेच करतो. गुंडाळलेला दोर जरा सैल करतो, म्हणजे बाकीच्यांना बसायला जागा होते. त्याचं नाव कुणी घेत नाही. पण तो नही ऊना, तर भूषण बाहेरच उभा."

"सर, मी तसाही बाहेरच असतो," भूषण म्हणाला.

त्या दिवसापासून कॉलेजात मला निम्मी मुलं फॉक्सए म्हणतात. आमच्या आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "चांगलं काम आहे ना?" मी म्हटलं, दार उघडायचं. ती म्हणाली, "मग चांगलं आहे."

सरांचा हा तास फक्त वर्गात असता तर ठीक होतं. तो कुठेही सुरू व्हायचा. एकदा शहाद्याच्या स्टँडवर नंदुरबारची गाडी लागली होती. ड्रायव्हर जागेवर बसला होता, गाडी भरली होती, पण कंडक्टर कुठे दिसेना. लोक कुरकुरायला लागले. सर उभे राहिले.

"मंडळी, ड्रायव्हर आला म्हणजे गाडी नंदुरबारला जाईल, असं कुणी सांगितलं? हाच ड्रायव्हर, पण बोर्ड नवापूरचा लावा, कंडक्टर त्या गाडीचा बसवा. मग? मग नवापूर! माणूस तोच, सोबती बदलले की गाव बदललं. आपल्या शरीरातला एनकेएक्स बघा. फुप्फुसात फॉक्सएबरोबर बसला तर फुप्फुसाचं काम. तोच गळ्यातल्या थायरॉइडमध्ये पॅक्स-आठबरोबर बसला, तर कामच निराळं!"

पुढच्या सीटवर एक म्हातारी बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मास्तर, तुन्हं गळानं काम ऱ्हाऊ दे. पहिले खाले बस, मन्ही कोंबडी बिचकी ऱ्हायनी."

सर लगेच बसले. पण बसल्या-बसल्या तिला विचारलंच, "माय, अंडं उबवाले काय काय लागस?" कंडक्टर येईपर्यंत त्यांचं आणि तिचं छान जमलं होतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. सरांना एकच मुलगी, हेतल. तिला सुरतला दिली आहे. ती सरांचा फोन उचलत नव्हती. हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं, कारण सर रोज मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभं राहून तिला फोन लावायचे, आणि त्यांना स्पीकरशिवाय ऐकू येत नाही. रिंग वाजत राहायची आणि बंद व्हायची. सर फोन खिशात टाकायचे आणि वर येऊन म्हणायचे, "लाइन बिझी शे." रिंग वाजत असताना लाइन बिझी कशी, हे त्यांना विचारायची हिंमत भूषणलाही झाली नाही. हेतलला दिवस गेले आहेत हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सरांना ते काकूंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, कळलं होतं.

ती का बोलत नाही, हे मात्र मला थंडीत कळलं. मोटर जळाली त्या दिवशी.

झालं असं, की सरांना वाटलं, मुलांना फेजचं उदाहरण तोंडी कळत नाही, डोळ्यांनी दाखवावं. वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची. ती हे लहानपणापासून बघत आलेली. पण सरांना कोण सांगणार? रविवारी आम्ही सगळे ब्राह्मणपुरीला गेलो. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते; त्या आठवड्यात दिवसाची होती. सरांनी विहिरीवरची पेटी उघडली, तीन फ्यूजपैकी एक ओढून काढला आणि आम्हाला दाखवला.

"आता कितला फेज?"

"दोन!" आम्ही सगळे म्हणालो.

सरांनी हिरवं बटण दाबलं. मोटर "हूं" करायला लागली.

"ऐका," सर म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "बघा. आवाज आहे. जीव आहे. पण फिरतेय का? अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं फुप्फुस असंच असतं. एनकेएक्स आलाय. फॉक्सए आलाय. जनुक जागेवर आहे. पण दिवस भरत आले की आईच्या आणि बाळाच्या अंगातून एक निरोप येतो, आणि तो निरोप घेऊन तिसरा येऊन शेजारी बसतो. तो अजून आलेला नाही. मग फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून जो साबणासारखा थर लागतो, तो पुरेसा तयार होत नाही. थर नसेल तर काय होतं? निखिल, ती पिशवी आण."

निखिलनं केळीच्या घडावर चढवतात ती निळी पिशवी आणली. सरांनी ती पाण्यात बुडवली आणि दोन्ही बाजू चिकटवून आमच्यापुढे धरली. "उघडा." आम्ही आळीपाळीनं नखांनी उघडायचा प्रयत्न केला. ओलं प्लास्टिक सुटेना. "बघा! आणि त्या बाळाला हे प्रत्येक श्वासाला करायचं असतं. प्रत्येक श्वासाला. आता तुम्ही विचाराल..."

आम्ही काहीच विचारणार नव्हतो, कारण आम्हाला वास यायला लागला होता. भूषण हळूच म्हणाला, "सर, मोटर..."

"हां, तेच सांगतोय. मोटरचं काय होतं..."

घराकडून काकू पळत आल्या. हात पिठानं भरलेले. त्यांनी सरांना बाजूला केलं आणि लाल बटण दाबलं. तोपर्यंत मोटरमधून धुराची बारीक रेघ निघाली होती.

"आधी बंद करायची, मग शिकवायचं!" काकू ओरडल्या.

सर धुराकडे बघत राहिले. "मी तेच सांगत होतो," ते म्हणाले. "जळते म्हणून."

"सर, प्रयोग सक्सेस शे," भूषण म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. सरसुद्धा. काकू हसल्या नाहीत.

मी त्यांना भाकरी करू लागायला स्वयंपाकघरात गेले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या, भरताला वांगी भाजली होती. काकूंनी एक भाकरी थापून तव्यावर टाकली. मग तव्याकडे बघत म्हणाल्या, "हाई मानूस असंच शे, पोरी. जळत असताना बी शिकाडस."

मग त्यांनी सांगितलं. हेतलचं पहिलं बाळ सातव्यात आलं. सुरतच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, नळी लावली होती. हेतलनं वडिलांना फोन केला. तिनं एवढंच विचारलं, पप्पा, जगेल ना? सर एवढे शिकलेले, त्यांनाच विचारणार ना ती. आणि सर सांगायला लागले. कुठला फेज आलाय, कुठला आला नाही, थर कसा बनतो. हेतल ऐकत होती. मध्ये तिनं दोनदा "पप्पा" म्हटलं. सर म्हणाले, थांब, हे समजून घे. त्यांचं बोलणं चालू असतानाच बाळ गेलं.

"तिनं फोन ठिवी दिना," काकू म्हणाल्या. "तधळपासून मन्हासंगे बोलस, त्यासनासंगे नही. मी सांगितलं तिला, बेटा, त्यांना घाबरायला येत नाही. त्यांना फक्त सांगता येतं. ती म्हणते, मम्मी, मला तेव्हा मास्तर नको होता."

मी भाकरी उलटली. ओट्यावरच्या खिडकीतून विहीर दिसत होती. सर तिथे एकटेच बसून मोटरचे नट सोडवत होते.

मग मला त्या लांबलेल्या पावसाळ्याचा अर्थ लागला. एका पानाचा विषय सर इतके महिने आम्हाला का सांगत होते, ते. बहुतेक ते आम्हाला सांगतच नव्हते.

संक्रांतीनंतर काकूंना सुरतहून फोन आला. हेतलला पुन्हा आधीच कळा सुरू झाल्या होत्या. काकू नंदुरबारला जाऊन गाडीत बसल्या. सरांनी पिशवी भरली होती, पण हेतलनं आईला सांगितलं होतं, पप्पांना आणू नको. सरांनी पिशवी तशीच खुंटीला अडकवली आणि कॉलेजला आले.

त्या दिवशी तास सुरू झाल्यावर त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली, जी पुस्तकात होती, पण आम्ही कधी नीट वाचली नव्हती. बाळ लवकर येणार असं दिसलं, तर डॉक्टर आईला इंजेक्शन देतात. ते औषध बाळाच्या पेशीपर्यंत पोहोचतं. तिथे एक प्रथिन त्याचीच वाट बघत बसलेलं असतं. औषध हातात पडलं की ते उठतं, आत जातं आणि जनुकांपाशी बाकीच्यांच्या शेजारी बसतं. म्हणजे जो निरोप उशिरा येणार होता, तो बाहेरून लवकर पाठवायचा.

"हेतलला दिलंय ते इंजेक्शन," सर म्हणाले. "वेळेत दिलंय. तिच्या आईनं सांगितलं."

मग ते फळ्याकडे वळले, टेस्टर उचलला आणि तसेच उभे राहिले. फळा कोरा होता.

"आज इतलंच," ते म्हणाले.

मगन सरांचा तास वेळेआधी संपला, ही बातमी कॉलेजभर पसरली. प्राचार्य स्वतः बघायला आले.

बाळ झालं. मुलगी. फार लहान, पेटीत, नळी लावलेली. एवढं काकूंनी कळवलं. त्यानंतर रोज एकच उत्तर यायचं, आहे तशीच आहे. सर कुणाला फेज विचारेनासे झाले. स्टाफरूममध्ये चहा समोर ठेवला तर विसरायचे. आम्हाला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की मधल्या सुट्टीत ते जिन्याखाली जाईनासे झाले.

भूषणनं एकदा धीर केला. "सर, फोन लावा ना. आता उचलेल ती."

"म्हणूनच नाही लावत, भो," सर म्हणाले. "उचलला तर? मन्हं तोंड उघडनं की मंग बंद व्हत नही."

भूषण वर्गात येऊन बाकावर डोकं ठेवून बसला. त्या दिवशी त्यानं कुणाचीच नक्कल केली नाही.

पुढच्या आठवड्यात आमचं कोंबडीच्या गर्भाचं प्रॅक्टिकल होतं. अंडी नवापूरच्या पोल्ट्रीतून आणतात, उबवणीच्या पेटीत काही दिवस ठेवतात, आणि मग कवचाला वरून खिडकी पाडायची. आत लाल धाग्यांच्या जाळीत एक ठिपका हलत असतो. ते काळीज. दरवर्षी कुणीतरी ते पाहून ओरडतं. या वेळी प्रयोगशाळेत कुणी ओरडलं नाही. सर एकेका टेबलापाशी जाऊन, वाकून अंडं बघत होते आणि काहीच समजावत नव्हते. नुसतं "छान" म्हणत होते.

ते माझ्या टेबलाशी होते, तेव्हा फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात मिठाच्या पाण्यानं ओले होते. फोन टेबलावर होता. आम्ही सगळ्यांनी नाव वाचलं. हेतल.

सर हलले नाहीत. रिंग वाजत राहिली. पूर्वी जिन्याखाली वाजायची तशीच, फक्त आता उलट्या बाजूनं. मला भीती वाटली, की ती बंद होईल.

"सर, उचला ना भो!" भूषण ओरडला. त्यानंच पुढे होऊन फोन उचलला आणि सरांच्या तोंडासमोर धरला. स्पीकर चालूच होता.

"पप्पा?"

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"पप्पा, आहात ना?"

"हं."

घरात ते गुजरी बोलतात. मला कळलं तेवढं मी मराठीत लिहिते. पलीकडून दवाखान्यातल्या कुठल्या तरी यंत्राचा टिक टिक आवाज येत होता. सर त्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. त्यांच्या बोटांवरून पाणी माझ्या वहीवर पडत होतं.

हेतल म्हणाली, "काही सांगत नाही आहात?"

मी इतके महिने सरांसमोर बसले आहे. सरांकडे सांगायला काही नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. ते टेबलाचा काठ धरून हळूच स्टुलावर बसले.

"नाही, बेटा," ते म्हणाले. "तू सांग."

आणि मग तिनं सांगितलं.

"सकाळी नळी काढली, पप्पा. आपली आपण श्वास घेतेय."